सड्यावरचं गवताचं छप्पर

एका जंगलात एक तरुण साळिंदर राहत असे, आणि त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. अंगावर काटे, त्यामुळे लोक चार हात लांबूनच बोलायचे, तेही काम असेल तर. मुलांनो, असं बरीच वर्षं चाललं की माणसाला वाटायला लागतं, आपला स्वभावच एकटा आहे. साळिंदरालाही तसंच वाटायचं. पण घर बांधायचं वय झालं आणि त्याच्या लक्षात आलं की हे काही खरं नाही. झोपायला तर कपारही चालली असती. घर त्याला हवं होतं ते दारात कोणी यावं म्हणून. कोणीतरी आत यावं, टेकावं, "काय रे, जेवलास का?" असं उगीचच विचारावं.

जंगलाचं गाव खाली दरीत, ओढ्याच्या काठाला वसलं होतं. दाट झाडी, वाऱ्याला आडोसा, पाणी दाराशी. चांगल्या जागा सगळ्या तिथेच, आणि त्या म्हाताऱ्यांनी कधीच अडवून ठेवलेल्या. एकेकाकडे दोन-दोन बिळं. एक राहायला, एक असू दे म्हणून. नव्या पोराने जागा मागितली की म्हातारे मान वर करून डोंगरमाथ्याकडे बघायचे. माथ्यावर सडा होता. सडा म्हणजे उघडा, काळपट जांभा खडक, नजर पोचेल तिथपर्यंत. झाड नाही, झुडूप नाही, समुद्रावरून निघालेला वारा मध्ये कुठेही न थांबता थेट अंगावर. "जागाच जागा आहे की वर," म्हातारे म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तिथे एक रात्र काढलेली नव्हती.

साळिंदर वर गेलं. हिवाळाभर दगड लोटत राहिलं, ओढ्याकाठची चिकण माती तोंडात धरून चढण चढत राहिलं, आणि भिंती उभ्या केल्या. आता छप्पर राहिलं.

छपराचं काम या जंगलात एकट्याने करायचं नसे. रीत ठरलेली होती. पळसाची जून पानं गोळा करायची, काट्यांनी एकमेकांत टाचायची आणि घराएवढी एकच एक अखंड चादर करायची. काटे अर्थात साळिंदराचे. दर वर्षी गळलेले काटे ते गावाला देत असे, आणि त्याच्या शेजारी न बसणारे सगळे ते काटे खुशाल घेऊन जात. चादर झाली की अख्ख्या गावाने तिला चहूबाजूंनी धरायचं, आरोळी ठोकायची आणि एका दमात उचलून भिंतींवर चढवायची. याला म्हणायचे छपरचढ. मग त्याच चादरीखाली बसून सगळ्यांनी करवंदं खायची. छपरचढ झाली तर ते घर. नाही झाली तर त्या दारातून कोणी आत पाऊल टाकत नसे, मग आतला मालक कितीही हाका मारो.

कोणाचं छप्पर कशाचं असावं, हे वानरआजोबा ठरवत. वानरआजोबा वडाच्या शेंड्यावर राहत. जन्मात ते कधी छपराखाली झोपले नव्हते. सल्ल्याला त्यांच्यासोबत कासवकाकू असे. तिचं छप्पर तिच्या पाठीवर जन्मतःच आलेलं, त्यामुळे निवड करण्याची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. पण हे दोघे छपराचे जाणकार समजले जात. का, तर त्यांचं वय झालं होतं. दुसरं कारण मी बरंच शोधलं, सापडलं नाही.

साळिंदराने वडाखाली जाऊन विचारलं, की आजोबा, वर वारा फार आहे, पळस टिकेल ना? आजोबांनी वाक्य पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पळसच. आमच्या आधीपासून पळसच. जाणकारांचं उत्तर तयार असतं, प्रश्नाची फक्त वाट बघायची असते.

छपरचढीच्या दिवशी मात्र सगळा गाव सड्यावर आला. रानडुकराने आरोळी दिली, सगळ्यांनी चादर उचलली, आणि साळिंदराच्या अगदी जवळ, एकाच कोपऱ्याला धरून, ससा उभा होता. ससा त्याचा लहानपणचा सोबती. म्हणजे लहानपणी, काटे मऊ होते तोवर. मग सगळे आत बसले. अंतर ठेवूनच बसले, पण एका छपराखाली बसले. हिरव्या पानांतून उन्हाचे कवडसे सगळ्यांच्या पाठींवर पडले होते. कासवकाकू करवंदाचा चीक पुसत म्हणाली की पोराने भिंती बऱ्या केल्यात हो. साळिंदराने तोंडातलं करवंद गिळलंसुद्धा नाही, तसंच धरून ठेवलं. आता याहून जास्त काही नको, असं त्याला वाटलं. ऊन उतरतीला लागलं तसे सगळे खाली गेले.

पानं वाळली. वाळून त्यांच्या कडा वर वळल्या. एका दुपारी वाऱ्याने एका कडेखाली हात घातला, आणि अखंड चादर अखंडच निघाली. साळिंदर तिच्यामागे खडकावरून धावलं. धावून काय होणार होतं? चादर कड्यावरून तरंगत दरीत उतरली आणि ओढ्यात पडली. पाणवठ्यावरच्या लोकांनी ती आधी पाहिली, मग वर बघितलं, मग हसले.

वानरआजोबांनी निकाल दिला की टाचणी ढिली झाली असणार, काटे नीट बसवले नसतील. पुन्हा पानं गोळा कर, पुन्हा चढवू.

साळिंदर पुन्हा वर गेलं आणि बिनछपराच्या भिंतींमध्ये बसून राहिलं. वर बघायला आभाळ होतं, बाहेर बघायला सडा. सड्यावर खडकाच्या भेगांतून उगवलेलं वाळकं कुसळी गवत होतं, बाकी काही नाही. वारा आला की ते आडवं व्हायचं, वारा गेला की उठून बसायचं. एवढ्या वाऱ्यात पळसाचं पान टिकलं नाही, घराची चादर टिकली नाही, हे कोण कुठलं गवत, ज्याला गाई-गुरंही नीट तोंड लावत नाहीत, ते तेवढं वर्षानुवर्षं तिथेच होतं. साळिंदराने बसल्या बसल्या एक मूठभर गवत उपटलं, रानवेलीने त्याची पेंढी बांधली, आणि ती भिंतीवर ठेवून वर दगड ठेवला. संध्याकाळच्या वाऱ्यात ती पेंढी थरथरली. गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ते वडाखाली गेलं. आजोबा, काकू दोघंही होती. ओझी वाहायला आलेलं रानडुक्कर होतं, ससाही होता. साळिंदराने जमेल तसं सांगितलं. चादर नको, गवताच्या पेंढ्या घालू. बांबूचा सांगाडा करायचा आणि त्यावर एकेक पेंढी वेगळी बांधायची. वाऱ्याने एखादी नेली तरी बाकीच्या राहतात. गवत वाळलेलंच असतं, आणखी वाळून वळणार नाही. पाणी काड्यांवरून घसरून जातं. आणि गवत वरचंच आहे, तिथल्या वाऱ्याला सरावलेलं.

आजोबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "आणि ते सगळ्यांनी उचलायचं कसं?"

"उचलायचं नाहीच आजोबा. एकेक पेंढी नेऊन बांधायची. एकट्यालाही होतं."

रानडुकराने तोंडातलं चावायचं थांबवलं. मुलांनो, इथे नीट लक्ष द्या. पळस चांगला की गवत चांगलं, यावर त्या वडाखाली कोणीही काही बोललं नाही. वारा, पाणी, ऊन, यांतल्या कशाचाही विषय कोणी काढला नाही. सगळ्यांना लागलं ते 'एकट्यालाही होतं' हे.

"एकट्याला होतं म्हणे," आजोबा फांदीवरून म्हणाले. "मग आम्ही कशाला उरलो रे? करवंदं खायला?"

कासवकाकूने मान बाहेर काढली. ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. "बाळा," ती म्हणाली, "छप्पर काय पाऊस अडवायला असतं होय? चार जणांनी हात लावावा, म्हणून छप्पर. उडालं तर उडालं. आम्ही पुन्हा येऊ."

साळिंदराला हवं होतं ते हेच. चार जणांनी यावं. पुन्हा यावं. क्षणभर त्याला वाटलं की पळसच घालावा, उडू द्यावा, दर वेळी नवा घालावा, दर वेळी आरोळी व्हावी. पण मग त्याला ती दुपार आठवली. पुन्हा येऊ म्हणणारे उतरतीला खाली जातात. छप्पर उडाल्यापासून ते पुन्हा येईपर्यंतचं ऊन, वारा आणि पाऊस एकट्याच्याच पाठीवर पडतो. तो हिस्सा रिवाजात कोणी धरलेला नसतो.

"माझं घर सड्यावर आहे, काकू," ते म्हणालं. "मी गवतच घालतो."

"घाल," आजोबा म्हणाले. "पण छपरचढ होणार नाही. मग दाराकडे बघत बसू नकोस."

परतताना ससा कड्याच्या वाटेपर्यंत त्याच्या मागोमाग आला, पण शेजारून चालला नाही. त्याने मागूनच सांगितलं की मला पटतंय रे तुझं, पण माझंही घर व्हायचंय अजून, माझी छपरचढ राहिलीय. साळिंदराने मान हलवली. खरं बोलला तो, एवढं तरी झालं.

मग साळिंदर कामाला लागलं. बांबू कुरतडायचा, ओढत वर आणायचा. वेली सोलायच्या. गवत उपटायचं, कुसळं नाकात, डोळ्यांत, काट्यांच्या मुळांत जाऊन बसायची. पेंढी बांधायची, तोंडात धरून भिंतीवर चढायचं, बांधायची, उतरायचं. कोणी आरोळी द्यायला नव्हतं. पहिले काही दिवस ते दर पेंढीनंतर कड्याच्या वाटेकडे बघायचं. मग कधीतरी बघायचं सुटलं. शेवटी माथ्यावर जांभ्याचे दगड ठेवले, खाली उतरून घराभोवती एक फेरी मारली, आणि आत जाऊन बसलं. करवंदं त्याने आणून ठेवली होती. ती त्याने एकट्याने खाल्ली. एकट्याने खाल्लेली करवंदं तेवढीच गोड असतात. हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

पाऊस सुरू झाला. सड्यावरचा पाऊस आडवा येतो, त्याला अडवायला काही नसतं. छप्पर गळलं नाही. वाऱ्याने दोन-चार पेंढ्या विस्कटल्या, त्या बांधून झाल्या. आत माती कोरडी होती, इतकी कोरडी की पाय आपटला तर धूळ उडावी. साळिंदराने भिंतीलगत बसायला सपाट दगड मांडून ठेवले होते. दगडांवर कोणी बसलं नाही. साळिंदर रोज ते पुसायचं. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, मग कधी एकदम मोठ्याने "पाऊस आहे," असं म्हणून बघायचं. आवाज चालू आहे, याची खात्री करायची आणि गप्प व्हायचं.

सशालाही जागा सड्यावरच मिळाली होती, पलीकडच्या टोकाला. त्याचं छप्पर पळसाचं, थाटात चढलेलं. साळिंदराने काटे पाठवले होते, बोलावणं आलं नव्हतं. वाऱ्यावरून आरोळी मात्र ऐकू आली होती. आषाढात एका सकाळी तो ससा साळिंदराच्या घरापाशी आला. भिजून निम्मा झालेला. छप्पर गेलं, हे सांगायची गरज नव्हती.

"आत ये," साळिंदर म्हणालं.

ससा आला नाही. वळचणीखाली भिंतीला चिकटून उभा राहिला. तिथे छपराची कड पुढे आली होती, थोडी जागा कोरडी होती.

"आत ये की रे. कोरडं आहे."

"माहितीये," ससा बाहेरून म्हणाला. "पण छपरचढ नाही झालेली. आजोबांना कळलं तर पुन्हा माझं छप्पर चढायचं नाही."

"कुठलं छप्पर? ते गेलं ना?"

"पुन्हा येणार आहेत ते. म्हणालेत."

साळिंदर आतून भिंतीला टेकून बसलं. भिंतीच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. पाऊस ओसरेपर्यंत दोघं तसेच होते. अधूनमधून बोलले. सशाने विचारलं की गवताला वास कसा येतो. साळिंदराने सांगितलं की ऊन पडल्यासारखा येतो. उघडीप झाली तसा ससा दरीत मावशीच्या बिळात राहायला गेला. गाव काही त्याचं छप्पर चढवायला आलं नाही. पावसात कोण चढण चढणार!

आले ते फक्त वानरआजोबा. सड्यावर गवताचं काहीतरी अजून उभं आहे, ही बातमी खाली पोचली होती. आजोबा घराभोवती फिरले. माथ्यावरचे दगड बघितले, एक पेंढी ओढून बघितली. ती आली नाही. मग दारासमोर, उंबऱ्याच्या अलीकडे बसले.

"बरं आहे," ते म्हणाले. इतक्या दिवसांत कोणी एवढंही म्हटलं नव्हतं. "आता असं कर. हे उतरव."

"काय उतरव?"

"छप्पर. एक दिवस खाली काढून ठेव. मी सगळ्यांना घेऊन येतो. गवत तर गवत, आमची हरकत नाही. पण आम्ही चढवू. आरोळी होईल, खाणंपिणं होईल. मग हे घर. मग येतील सगळे, रोज येतील, तू नको म्हणशील इतके येतील."

साळिंदराने दारातून वर बघितलं. मग आतल्या सपाट दगडांकडे बघितलं. मला सांगायला आवडलं असतं की त्याने ताडकन उत्तर दिलं. तसं झालं नाही. त्याने दगडांवर लोक बसलेले बघितले. डुक्कर, काकू, सशाची मावशी, ससा. कोणीतरी जेवलास का विचारतंय, हे ऐकलं. आणि मग ते खरोखर बाहेर आलं, भिंतीवर चढलं आणि पहिल्या गाठीला तोंड लावलं.

गाठीत पाणी होतं. आभाळ पश्चिमेकडून काळं होऊन येत होतं.

"आजोबा," त्याने वरूनच विचारलं, "उतरवलं आणि तुम्ही यायच्या आत पाऊस आला तर? भिंती मातीच्या आहेत."

"एका दिवसाने काय होतंय रे?" आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

साळिंदर खाली उतरलं. "नाही उतरवत," ते म्हणालं. "ते आहे तसं राहील. यायचं असेल त्याने यावं. तुम्हीसुद्धा या. पण गाठ सुटणार नाही."

"मग राहा एकटा."

"राहतो."

पाऊस आला. म्हाताऱ्याला दरीत उतरायला वेळ मिळाला नाही. साळिंदराने दारातून हाक मारली, की आजोबा, आत या, वळचणीला तरी उभे राहा. आजोबा समोरच्या खडकावर पाठ फिरवून बसले. गुडघे छातीशी घेतले, डोकं खाली घातलं, आणि पाणी त्यांच्या पाठीवरून, शेपटीवरून, कानांवरून वाहत राहिलं. दार उघडं होतं. साळिंदर उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होतं. एक कोरडं, एक ओलं, दोघंही एकटे. पण आजोबांचं एकटेपण फुकट होतं. ते चार पावलांवर संपलं असतं.

उघडीप झाल्यावर आजोबा गेले. खाली जाऊन त्यांनी सांगितलं की छप्पर गळतं. कासवकाकू म्हणाली, मला वाटलंच होतं. ससा तिथेच होता. वळचणीखाली तो उभा राहिला होता, आतली माती त्याने दारातून बघितली होती. तो काही बोलला नाही. त्या पावसाळ्यात साळिंदराच्या घरी कोणीही आलं नाही. छप्परही गळलं नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहिल्या, आणि त्याला त्या दोन्हींसोबत राहावं लागलं.

पाऊस सरला. सड्यावरचं गवत पिकून पिवळं पडलं. एका सकाळी साळिंदर दारात ऊन खात बसलं होतं, तर समोरून ससा येताना दिसला. तोंडात गवताची पेंढी, वेडीवाकडी बांधलेली, अर्धं गवत वाटेत सांडलेलं. त्याने ती उंबऱ्याबाहेर ठेवली. नाकात कुसळं गेली होती, तो शिंकला.

"सुरुवात वरून करायची की खालून?" त्याने विचारलं.

साळिंदराला विचारण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं.

"खालून," ते म्हणालं. "वळचणीपासून, वर चढत जायचं. मी आधी वरून केली होती, सगळं पाणी आत गेलं असतं. पुन्हा सोडून बांधलं." मग थांबून म्हणालं, "बाहेरून नाही कळणार. आतून बघावं लागतं."

सशाने एकदा कड्याच्या वाटेकडे बघितलं. वाटेवर कोणी नव्हतं. असतं तरी त्या क्षणी काय झालं असतं, कोण जाणे. मग त्याने उंबरा ओलांडला, मान वर केली, आणि छपराकडे बघत बघत भिंतीलगतच्या दगडावर बसला.

तात्पर्य : छप्पर कशाचं घालायचं हे घर कुठे उभं आहे ते बघून ठरवावं, आणि ठरवण्याचा हक्क त्याखाली झोपणाऱ्याचा. बाकीच्यांनी खुशाल जेवायला यावं.